शेवटून दुसरं गाव

“ही बस कुठे जाते?”

“रस्ता जाईल तिथे.”

स्टिअरिंगमागे बसलेल्या ओर्नेलाने मान वर न करताच उत्तर दिलं. सुल्मोना स्टेशनबाहेर सकाळपासून पावसाची भुरभुर चालू होती. तिच्या हातातलं संत्रं अर्धं सोलून झालं होतं आणि बस सुटायच्या आत ते संपवायचं होतं. बसच्या कपाळावर एवढी मोठी पाटी असताना असले प्रश्न विचारणाऱ्यांचा तिला मनापासून राग यायचा.

“आणि रस्ता कुठे जातो?”

आता मात्र तिने वर पाहिलं. त्या आवाजामुळे. थंडीत कुणीतरी मागून येऊन अलगद खांद्यावर शाल टाकावी... तसा होता तो आवाज. आवाजाचा मालक मात्र साधाच निघाला. उंच, हडकुळा, ओले केस कपाळाला चिकटलेले, पाठीवर फुगलेली पिशवी. आणि चेहऱ्यावर, भिजण्यात मजा येत असल्यासारखं हसू.

“बुन्यारा, अन्वेर्सा, विल्लालागो, स्कान्नो,” ती घडाघडा म्हणाली.

“मग मला विल्लालागोला उतरवा.”

“तुम्हाला स्कान्नो म्हणायचंय. सगळे पाहुणे स्कान्नोलाच जातात. मोठं तळं तिथे, हॉटेलं तिथे, फोटो काढायच्या जागा तिथे.”

“म्हणूनच विल्लालागो. मी कायम शेवटून दुसऱ्या गावाला उतरतो. शेवटच्या गावाला सगळेच जातात हो... शेवटून दुसऱ्याला बिचाऱ्याला कुणी विचारत नाही.”

“आणि या पावसात तिथे करणार काय?”

“भिजणार,” तो म्हणाला.

ओर्नेला काही बोलणार, तेवढ्यात पहिल्या बाकावरून नुन्झियाता मावशींचा आवाज आला. मावशी विल्लालागोच्या. आठवड्याचा बाजार करायला सुल्मोनाला यायच्या आणि जाताना ओर्नेलाच्या मागचाच बाक धरायच्या.

“अगं, चढू दे की त्याला! पोरगं गारठलंय नुसतं. ये रे बाळा. माझ्याकडे खोली रिकामी आहे. खिडकीतून डोंगर दिसतो, आणि रात्री सूप मिळेल. अट एकच, घोरायचं नाही. भिंती पातळ आहेत.”

“नाही घोरत,” तो म्हणाला आणि मावशींच्या पलीकडच्या बाकावर बसला. ओर्नेलाने उरलेलं संत्रं अख्खं तोंडात कोंबलं आणि बस सुरू केली. आरशात पाहिलं, तर तो तिच्याकडेच बघत होता, आणि तिचे दोन्ही गाल फुगलेले होते.

बुन्यारा मागे पडलं तसं नुन्झियाता मावशींनी त्याची सगळी माहिती काढून घेतली. नाव एर्कोले. गाव फेर्रारा. लग्न नाही.

“एर्कोले? म्हणजे हर्क्युलीस? तो सिंह मारणारा?” ओर्नेलाने आरशातून त्याच्या काटकुळ्या खांद्यांकडे पाहिलं.

“आईला फार आशा होत्या माझ्याकडून.”

“आणि हो, स्टेशनसमोरच गाडी भाड्याने मिळते. दिसली नाही का?”

“दिसली. पण मग तुमच्याशी बोलता आलं नसतं.”

“चालकाशी बोलू नये. वर पाटी आहे बघा.”

“वाचली. चालकाने प्रवाशाशी बोलू नये असं कुठे लिहिलंय त्यात?”

मावशी खुदकन हसल्या. ओर्नेलाने उगाचच हॉर्न वाजवला.

“खरं सांगा हं,” ती म्हणाली, “लायसन तरी आहे का तुमच्याकडे?”

“नाही.”

“वय?”

“चौतीस.”

“चौतीस वर्षांचा घोडा आणि लायसन नाही! मावशी, ऐकलंत का? माझ्याकडे बसचं आहे, ट्रकचं आहे, बाबांची तीनचाकी तर मी फ्रॉक घालायची तेव्हापासून चालवतेय. आणि हे हर्क्युलीस!”

तो मोठ्याने हसला. अगदी मनापासून. असं कुणी हसलेलं ओर्नेलाने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

अन्वेर्साच्या पुढे घळ लागली. दोन्ही बाजूंनी कडे अंगावर आले, रस्ता चिंचोळा झाला, प्रत्येक वळणाआधी हॉर्न. इथे ओर्नेला कुणाशी बोलत नसे. तेव्हा मागून त्या आवाजाने रस्त्याकडेच्या पाट्या वाचायला सुरुवात केली. हळूच, जणू कुणाच्या कानात सांगतोय. “सावधान... दरड कोसळू शकते.” मग मोठा सुस्कारा. “पुढे... निसरडं आहे.” मग अगदी व्याकूळ होऊन, “इथून मागे वळता येणार नाही!”

नुन्झियाता मावशींच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. ओर्नेलाने ओठ घट्ट दाबून धरले. घळीत हसायचं नाही म्हणजे नाही. पण विल्लालागोला तो उतरला, दार बंद झालं, आणि स्कान्नोपर्यंत ती एकटीच फिसफिसत राहिली.

*

मग तो रोज दिसायला लागला.

सकाळच्या बसने खाली यायचा. कधी बुन्याराला उतरायचा, कधी सुल्मोनापर्यंत येऊन तिथून आगगाडीने पुढे जायचा — कोकुल्लो, रायानो, पेत्तोरानो. पाहुणे ज्यांची नावंही घेत नाहीत अशी गावं. जिथे बस नाही तिथे पायी. आणि संध्याकाळी परतीच्या बसला हजर. कधी बुटांना चिखल, कधी कोटावर पिसं.

“ही पिसं कसली?”

“पेत्तोरानोत एका न्हाव्याकडे गेलो होतो. त्याच्या दुकानात कोंबडी बसलेली असते खुर्चीवर. ती उठेपर्यंत गिऱ्हाइकाने थांबायचं.”

“थापा!”

“देवाशपथ. अंडं देऊन उठली, मग माझा नंबर लागला.”

ओर्नेलाचा त्या रस्त्यावर जन्म गेला होता. पण गाव म्हणजे तिच्या लेखी एक थांबा, एक बाक, आणि चढणारी-उतरणारी माणसं. थांब्याच्या मागे काय आहे ते हा परका येऊन तिला सांगत होता. बुन्याराच्या थांब्यामागे पायऱ्या चढून गेलं की एक अंगण आहे, तिथे एक म्हातारा रोज दुपारी बायकोच्या खिडकीखाली अकॉर्डियन वाजवतो. बायको खिडकी आपटून बंद करते, आणि मग फटीतून ऐकते. रायानोत एका लग्नाच्या फोटोत त्याला बळेच उभं केलं, कारण नवऱ्याकडची माणसं कमी पडत होती.

“म्हणजे तुम्ही आता कुणाचे तरी चुलतभाऊ झालात.”

“मामेभाऊ. चुलत्यांची बाजू भरली होती.”

त्याचं काम काय, तेही कळलं. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचा. “दिवसभर एका बंद खोलीत बसून दुसऱ्यांची वाक्यं बोलायची,” तो म्हणाला. तेव्हापासून नुन्झियाता मावशी आपल्या गोळ्यांच्या डब्यातला बारीक अक्षरांचा कागद त्याच्याकडून रोज वाचून घ्यायला लागल्या. “‘क्वचित मळमळ होऊ शकते’ ते परत वाच रे,” त्या म्हणायच्या. “किती गोड म्हणतोस!”

रोज काहीतरी बसच्या काचेपाशी येऊन पडायचं. अक्रोड, तांबडं पान, साखरेत घोळवलेले बदाम. तो ठेवायचा आणि मागे जाऊन बसायचा. आणि ओर्नेला... ती घरून निघताना आरशासमोर जरा जास्तच रेंगाळायला लागली होती.

“ओठांना काय लावलंयस?” तिचे बाबा, सबातीनो, मेंढ्यांना चारा टाकता टाकता म्हणाले.

“थंडी आहे. ओठ फुटतात.”

“लाल रंगाने बरे होतात वाटतं.”

एकदा विल्लालागोच्या थांब्यावर तो दारात रेंगाळत उभा राहिला. कोकुल्लोतल्या कुणा बाईने त्याला सापाची कात दाखवली होती, तिची गोष्ट संपतच नव्हती. मागे लाकडाचा ट्रक येऊन भोंगा वाजवायला लागला.

“अरे, उतर ना आता!” ओर्नेला ओरडली.

आणि तिने जीभ चावली.

“‘उतर’ म्हणालात,” तो हळूच म्हणाला.

“घाईत निघालं तोंडातून.”

“मग... रोज घाईत असत जा.”

तो उतरला. ट्रकवाला अजून बोंबलत होता. ओर्नेलाने दार लावलं, गिअर टाकला, आणि पुढच्या वळणावर लक्षात आलं की आपले कान तापलेत.

*

त्या दिवशी पाऊस थांबला होता. ढग फाटून उन्हाची तिरीप घळीत उतरली होती, आणि कड्यांवरचं रान तांबूस, पिवळं पेटलं होतं. बसमध्ये दोघेच प्रवासी. मावशी डुलक्या घेत होत्या. एर्कोले तिला अरे-तुरेत, मोकळेपणाने, एका आंधळ्या आजोबांची गोष्ट सांगत होता. हे आजोबा त्याला चिठ्ठी पाठवायचे — म्हणजे नातीकडून लिहवून घ्यायचे — की तुम्ही गोष्टीतल्या खुनी माणसाला फार प्रेमळ आवाज देता, त्यामुळे खून कुणी केला ते कधी कळतच नाही.

“मग मी त्यांना कळवलं की आजोबा, पुढच्या वेळी मी...”

आवाज थांबला.

ओर्नेलाने वाट पाहिली. एक वळण गेलं. “पुढच्या वेळी काय?” तिने विचारलं. उत्तर नाही. तिने आरशात पाहिलं.

तो सरळ बसला होता. डोळे उघडे. पण त्या डोळ्यांत कुणी नव्हतं. बोटं कोटाचं एक बटण चाचपत होती, पुन्हा पुन्हा.

पुढे सान दोमेनिकोच्या छोट्या तळ्यापाशी जागा होती. ओर्नेलाने बस बाजूला घेतली, ब्रेक ओढला आणि त्याच्यासमोर जाऊन गुडघ्यांवर बसली. “एर्कोले?” नाव घेतलं, हात हातात घेतला. हात गार होता. तळ्याचं पाणी हिरवंगार, हलत नव्हतं. तिला वाटलं, जगातलं सगळंच थांबलंय.

मग त्याच्या पापण्या लवल्या. तो परत आला. आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग तिच्याकडे, मग तिच्या हातातल्या आपल्या हाताकडे.

“थांबलीस होय,” तो म्हणाला. “बरंच लांब गेलो होतो का?”

“हे काय होतं?”

“फिट. पण मी पडत वगैरे नाही. फक्त... निघून जातो. मग येतो.” तो जरासा हसला. “गोळ्या घेतो. पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं. म्हणून लायसन नाही, ओर्नेला. आधी होतं. गाडीही होती.”

मावशींचं घोरणं चालू होतं. एर्कोले हळू आवाजात बोलत राहिला. बहिणीचा मुलगा शेजारी बसला होता, दोघं मोठ्याने गाणं म्हणत चालले होते. पुढचं त्याला आठवतं ते एवढंच, की गाडी मक्याच्या शेतात उभी होती, आणि पोरगं त्याची बाही ओढून विचारत होतं, मामा, आपण इथे का आलो? कुणाला काही लागलं नाही. “आमच्या फेर्रारात सगळं सपाट आहे ना, वळणंच नाहीत. खरचटलंसुद्धा नाही. इथे असतो तर...” त्याने कड्याकडे पाहिलं. “त्यानंतर मी स्वतःच किल्ली बहिणीच्या हातात दिली.”

ओर्नेलाला आपलं पहिल्या दिवशीचं बोलणं आठवलं. चौतीस वर्षांचा घोडा. तिला रडूच फुटलं.

“अगं ए,” तो म्हणाला, “रडू नकोस ना... रडू नको, प्लीज.”

आणि त्या ‘प्लीज’मध्ये एक वेगळीच कळकळ होती. ती तिला तेव्हा समजली नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो थांब्यावर आला, तर ओर्नेला खाली उतरून उभी होती.

“पुढे बस. माझ्या मागेच. दांडा धरून ठेव. नाश्ता केलास? गोळी घेतलीस? हे घे, बाबांनी चीज दिलंय. आज कुठे निघालास? कास्त्रोवाल्व्हाला? एकटा? कड्यावरून वाट आहे ती! वेड लागलंय का? अन्वेर्सातच थांब, औषधाच्या दुकानातल्या रेमोला मी सांगून ठेवलंय, तो लक्ष ठेवील. फोन चालू ठेव. आणि मावशींना सांगितलंय, रात्री तुझं दार उघडं —”

“मावशींना सांगितलंस?”

“सांगायला नको?”

तो मागच्या बाकावर जाऊन बसला, अगदी शेवटच्या. घळ संपेपर्यंत एकही पाटी वाचली नाही. ओर्नेला दर मिनिटाला आरशात बघत होती, आणि तिचं बघणं त्याला टोचत होतं हे तिला दिसत होतं, तरी तिला थांबता येत नव्हतं.

अन्वेर्साला तो दारापाशी आला.

“उतरतो. तुम्ही बस फार छान चालवता.”

तुम्ही! “एर्कोले, मी फक्त काळजीपोटी —”

“ठाऊक आहे मला. घरी आई आहे. दोन बहिणी आहेत. शेजारच्या काकू आहेत. मी अंघोळीला गेलो तर दाराबाहेर कुणीतरी उभं असतं. काळजी करणारी माणसं माझ्याकडे पुष्कळ आहेत हो.” त्याचा आवाज शांत होता, त्यामुळेच जास्त लागत होता. “वर्षातून एकदा मी पिशवी उचलतो आणि जिथे मला कुणी ओळखत नाही अशा गावांतून फिरतो. बसने, पायी, कसाही. तेवढे दिवस मी... धडधाकट माणूस असतो. लायसन नाही म्हणून तोंडावर हसणारी एकच भेटली होती मला. ती कालपासून दिसत नाही.”

तो उतरून गेला. पाठमोरा, पिशवी एका खांद्यावर. या वेळी मागे ट्रक नव्हता, कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, तरी ओर्नेलाला त्याला हाक मारता आली नाही.

संध्याकाळच्या बसला तो नव्हता. पुढच्या सकाळीही नाही. “पायी गेला,” मावशींनी सांगितलं. “काय केलंस गं तू? माझा कागदसुद्धा वाचत नाही आता. म्हणतो, घसा बसलाय.”

*

मग बसवाल्यांचा संप आला. ओर्नेला सकाळी अन्वेर्सातल्या घरीच होती, स्वयंपाकघरात कॉफी ढवळत, साखर न घालताच. फोन वाजला.

“तो निघालाय बरं का,” पलीकडून नुन्झियाता मावशी. “आज त्याची परत जायची गाडी आहे. मी म्हटलं, आज बस नाही, शेजाऱ्याला सांगते, तो सोडेल स्टेशनवर. तर म्हणाला, मी चालत जातो. आत्ता पिशवी भरतोय. जुन्या मेंढवाटेने येणार आहे खाली. मी काही सांगितलं नाही हं तुला!”

बाबांनी काही न विचारता तीनचाकीची किल्ली टेबलावर सरकवली. ओर्नेलाने ती उचलली. दारापर्यंत गेली. थांबली. तीनचाकी घेऊन त्याच्यासमोर उभं राहायचं म्हणजे पुन्हा तेच... चल, बस, मी सोडते तुला. तिने किल्ली परत टेबलावर ठेवली.

“चालत जाते.”

“चालत?” बाबांनी चष्मा काढला. “तू? पाव आणायलासुद्धा बस नेशील अशी तू!”

“मेंढवाट कुठून सुरू होते बाबा?”

तिच्या आजोबांच्या मेंढ्या ज्या वाटेने डोंगर उतरायच्या, ती वाट तिला आपल्याच बापाला विचारावी लागली. बाबांनी हसू दाबत हात करून दाखवला.

चढ तिला वाटला होता त्याच्या चौपट निघाला. खाली रस्ता दिसत होता, तिचा रोजचा रस्ता, ओळखू न येणारा, ओढ्याच्या कडेला पडलेल्या दोरीसारखा. वरून तो किती मुका होता! आणि इथे कसले कसले आवाज. पाण्याचा, पानांचा, कुठल्यातरी पक्ष्याचा. पुढे वाट फुटली. ती डावीकडे गेली. मग पुन्हा फुटली. मग वाटच राहिली नाही. टाच सोलवटली होती. ओर्नेला एका दगडावर बसली, खांद्यावरची पिशवी खाली टाकली, बूट काढला, आणि स्वतःच्याच गावच्या डोंगरात हरवून चक्क रडकुंडीला आली.

“ती शेळ्यांची वाट आहे,” वरून आवाज आला. “माणसांची इकडे आहे.”

तोच आवाज. अंगावर शाल पडावी तसा.

एर्कोले वर, झुडपांपलीकडे उभा होता. तिने घाईने डोळे पुसले.

“मी तुला न्यायला आलेले नाही,” ती ओरडली. “गाडी आणलेली नाही. बघ, किल्लीसुद्धा नाही माझ्याकडे!”

“बूटही एकच आहे.”

“दुसरा चावतो. आणि हे बघ, मी वाट चुकलेय. तेव्हा तूच मला खाली ने. निमूटपणे.”

तो खाली उतरला. तिच्यापासून जरा अंतर ठेवून उभा राहिला. चेहऱ्यावरचा राग जात नव्हता, पण टिकतही नव्हता.

“एर्कोले,” ती म्हणाली, “मी त्या दिवशी बस सोडून रुग्णवाहिका चालवायला लागले. चुकलं माझं. मला भीती वाटली रे. तू बोलता बोलता गेलास ना... मला फक्त तुझा आवाज ओळखीचा होता. समोर बघून गाडी चालवते मी, तुला कुठे नीट पाहिलंय? तो आवाजच गेला.”

तो तिच्या शेजारी दगडावर बसला.

“एकदाच सांग,” तिने विचारलं. “पुन्हा झालं तर काय करायचं? एकदा सांग, मग जन्मात विचारणार नाही.”

“काही नाही करायचं. जवळ बसायचं. मी येईपर्यंत.”

“बस्स? एवढंच?” तिने नाक ओढलं. “हे तर माझं कामच आहे. लोकांची वाट बघत बसायचं.”

तो हसला. आधी ओठांच्या कोपऱ्यात, मग सगळा.

“पण एक सांगते,” ती म्हणाली, “अन्वेर्सापर्यंत माझी पिशवी तू घ्यायचीस, नावाला तरी जाग जरा. आणि चौतीस वर्षांच्या माणसाला सायकल तरी येते का?”

“येते. पडतो अधूनमधून.”

“सगळेच पडतात. त्यात काय मोठंसं!”

त्याने तिच्याकडे पाहिलं, अगदी जवळून. आरसा नव्हता, पाठ नव्हती, मध्ये मावशी नव्हत्या. तिच्या डोळ्यांत हिरवट झाक आहे हे त्याला आज कळलं. त्याच्या भुवईत एक जुना व्रण आहे हे तिला. मग त्याने आपल्या पिशवीतून जाड मोजा काढला आणि तिच्या सोलवटलेल्या पायात हळूच चढवला, टाचेला धक्का न लावता. ओर्नेलाने श्वास रोखून धरला. दुखत नव्हतं, तरी.

“चल,” तो म्हणाला आणि हात पुढे केला.

खाली उतरायला त्यांना दुपार झाली. तो तिला तिचीच दरी दाखवत होता. कड्यावर उन्हात बसलेलं कास्त्रोवाल्व्हा, पाणचक्कीची पडकी भिंत, ओढ्यातला मासा. अवघड जागी ती त्याचा हात धरायची, आणि सोप्या जागीही सोडायची नाही.

*

अन्वेर्साच्या खालचं स्टेशन म्हणजे एक फलाट, एक बाक आणि फुललेल्या शेवंतीच्या दोन कुंड्या. माणूस नाही. पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. दोघं छपराखाली बसले. एर्कोलेने तिची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. आपली पाठीला लावली.

“फेर्रारात खरंच वळणं नाहीत?” तिने विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

“एकही नाही.”

“मग ड्रायव्हर जागे कसे राहतात?”

“कठीण जातं त्यांना.”

लांबून गाडी आली. दोनच डबे, काचांवर पावसाचे ओघळ. दार उघडलं. एर्कोले उठला, दारापर्यंत गेला, एक पाय पायरीवर ठेवला. ओर्नेला बाकावरच बसून राहिली. ती ‘जपून जा’ म्हणाली नाही. ‘पोचल्यावर फोन कर’ म्हणाली नाही. दोन्ही वाक्यं ओठांवर आली होती, दोन्ही तिने गिळली. त्याऐवजी जे आत उरलं होतं तेच बाहेर आलं.

“एर्कोले! मला तू आवडतोस. म्हणजे... फार. हे तुला माहीत नसताना जाऊ नकोस. माहीत असताना गेलास तर चालेल.”

तो वळला. तोंड उघडलं. आयुष्यभर लोकांची वाक्यं वाचत आलेल्या त्या माणसाला स्वतःचं एक वाक्य सापडेना. गाडीतला तिकीट तपासनीस दारातून डोकावला. जाडजूड, कंटाळलेला.

“काय साहेब, चढताय का? पाऊस आत येतोय.”

एर्कोलेने त्याच्याकडे पाहिलं. मग पायरीवरचा पाय खाली घेतला.

“नाही,” तो म्हणाला. “माफ करा हं. मी पोचलोय.”

दार लागलं. गाडी हलली आणि बोगद्यात शिरली. रुळांवर फक्त पावसाचा आवाज उरला. एर्कोले बाकापाशी आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

“ती तुझी गाडी होती,” ओर्नेला म्हणाली.

“हो. छान होती.”

“आईला काय सांगशील?”

“की उशीर होईल.”

“किती उशीर?”

त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. हात ऊबदार होते. त्याच्या केसांतून पावसाचा एक थेंब तिच्या गालावर पडला, आणि त्याने तो अंगठ्याने हळूच टिपला. मग तिच्या ओठांवर ओठ टेकवले, सावकाश, कसलीही घाई नसलेल्या माणसासारखे.

“बराच,” तो म्हणाला.